फोन घरचा, काम सरकारचे

धाराशिव जिल्ह्यातील बहुतेक घरांत आज एक छोटेसे संग्रहालय आढळते. तेरच्या संग्रहालयातील सातवाहनकालीन वस्तूंइतके ते पुरातन नाही. त्याचा सारा काळ जेमतेम वीस-बावीस वर्षांचा. कपाटाच्या खणात किंवा शिवणयंत्राच्या पेटीत ते असते. बटणांवरचे आकडे झिजून गेलेला एक नोकिया, पाठीचे झाकण हरवल्यामुळे रबराने बांधलेला दोन सिमकार्डांचा एक देशी फोन, काच तडकलेला पहिला स्मार्टफोन, आणि कोणत्या फोनचे हे कोणालाच न आठवणारे दोन-तीन चार्जर. यातले काहीही सहसा टाकून दिले जात नाही. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले, पण या खणातला एखादा फोन सुरू झालाच, तर त्याच्या यादीत एस.टी. स्थानकाचा क्रमांक अजून ‘उस्मानाबाद’ या नावाखालीच सापडायचा.

या फोनांची तुलना करताना त्यांच्या मालकांचा निवाडा बहुधा एकच असतो : जुना फोन टणक होता, नवा हुशार आहे. सायकलवरून पडला, विहिरीच्या काठावर आपटला, तरी झाकण-बॅटरी गोळा करून पुन्हा बसवली की तो चालू व्हायचा, ही कथा उमरग्यापासून परंड्यापर्यंत थोड्याफार फरकाने ऐकू येते. गेलेल्या गोष्टीविषयीचा जिव्हाळा तिच्यात आहेच. हरवलेला बैल नेहमीच अधिक गुणी असतो. परंतु या निवाड्यात काही तथ्यही आहे, आणि ते तपासण्याजोगे आहे. कारण मधल्या काळात केवळ फोन बदलला असे नाही. फोनकडून अपेक्षा करणारा पक्षही बदलला.

या जिल्ह्याला फोनचे मोल शिकवावे लागले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर आणि शेजारची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण व्हायला तेव्हा आणखी दोन वर्षे होती. ते झाले ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्त्याहून दिल्लीला. पुण्या-मुंबईत पोटासाठी गेलेल्या माणसांना आपल्या घरची भिंत उभी आहे की नाही हे जाणून घेण्यासाठी आकाशवाणी, वृत्तपत्र आणि मिळेल ती एस.टी. एवढाच आधार होता. ज्या पिढीने ते दिवस काढले, तिच्या दृष्टीने हातातल्या हातात माणसाचा आवाज ऐकू येणे ही चैन नव्हती.

मोबाईल आला तो मात्र श्रीमंतांच्या घरी. सुरुवातीच्या वर्षांत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगमची मोबाईल सेवा सुरू झाली आणि मे २००३ पासून येणारे फोन विनाशुल्क झाले, तेव्हा कुठे शिक्षक, कारकून, दूधवाला आणि बागायतदार यांच्या खिशात हे यंत्र शिरले. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन बाजारात आला. जगभर त्याची विक्री पंचवीस कोटींच्या घरात गेली असे सांगितले जाते. परंतु मराठवाड्यातील शेतकऱ्याला त्याचे जे मोल वाटले ते त्या आकड्यात नाही. त्याची बटणे धुळीला दाद देत नव्हती, हातात घट्ट बसावा अशी त्याची पाठ होती, आणि त्याच्या माथ्यावर विजेरी होती. भारनियमनाचे ते दिवस होते. खेड्यांत दहा-बारा तास वीज नसे आणि शेतीपंपाची पाळी अनेकदा मध्यरात्री येई. अशा वेळी बांधावरून मोटारीपर्यंत जाताना विंचू-साप दिसावा एवढा उजेड देणारा, आणि एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस टिकणारा फोन हे शेतीचेच अवजार होते. त्याची बॅटरी नखाने काढता येत असे. फोन गेला तरी ती टाकाऊ ठरत नसे. पुढे किती तरी दिवस एखाद्या छोट्या रेडिओत ती संसार करी.

दोन हजार आठच्या सुमारास देशी कंपन्यांचे फोन आले. महिनाभर बॅटरी टिकण्याचे आश्वासन देऊन मायक्रोमॅक्सने त्या काळी खेड्यांची बाजारपेठ काबीज केली, ती वीज नसलेल्या घरांची नाडी ओळखून. वाशी, भूम, कळंब या भागांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना याचे मोल अधिक. पालावर वीज नसते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर किंवा जवळच्या वस्तीवर आर्जव करून फोन चार्ज करावा लागतो. घरी ठेवलेल्या म्हाताऱ्यांशी आणि शाळेसाठी मागे राहिलेल्या मुलांशी त्यांचा संबंध राहिला तो या फोनांमुळे.

त्या काळात मिस्ड कॉल नावाची एक स्वतंत्र भाषाच तयार झाली होती. एक घंटी म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे तू फोन कर. ठरल्या वेळी घंटी आली नाही तर काळजीचे कारण. शिल्लक दोन रुपये असली तरी चालत असे, किंबहुना शिल्लक नसली तरी चालत असे. ‘आजीवन इनकमिंग’ घेतले की आयुष्यभराची निश्चिंती, असे लोकांनी मानले. हे आजीवन २०१८ च्या अखेरीस संपले. येणारे फोन चालू ठेवायचे तर दरमहा किमान रिचार्ज करा, असे मोठ्या कंपन्यांनी कळवले. आजीवन या शब्दाचा कंपनीच्या कोशातील अर्थ दहा-बारा वर्षे असा असतो, हे ज्ञान अनेकांना त्या वेळी झाले.

तोपर्यंत दुसरीकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट विलक्षण स्वस्त झाले होते. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यात स्मार्टफोन ज्या वेगाने पसरला त्याला तोड नाही. त्याची निंदा करण्याची एक फॅशन आहे. ती येथे गिरवण्याचे कारण नाही. लातूर-बार्शीच्या बाजारातील सोयाबीनचा भाव घरबसल्या कळणे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला पुण्याच्या वर्गाचे व्याख्यान तिच्या गावातच ऐकता येणे, तुळजापूरच्या प्रसादाच्या दुकानात सुट्ट्या पैशांची कटकट मिटणे, हे लाभ खरे आहेत. शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा जो प्रयोग केला, तो तर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कारापर्यंत पोहोचला.

त्याच २०२० साली शाळा बंद झाल्या आणि या लाभाची दुसरी बाजू उघडी पडली. घरात फोन एक, मुले दोन किंवा तीन, आणि तो फोन वडिलांच्या खिशात शेतावर. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा बॅटरी उतरलेली किंवा दिवसाचा डेटा संपलेला. कोणत्या मुलाचा अभ्यास आधी, याचा निर्णय घराघरांत झाला. तो बहुधा मुलीच्या बाजूने झाला नाही. शिक्षकांचाही फोन त्या काळात शाळेचा झाला आणि शाळा उघडल्यावर तो परत मिळाला नाही. पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांची माहिती, छायाचित्रांसह कार्यक्रमांचे अहवाल हे सारे काम आज शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या रिचार्जवर चालते. खडू-फळ्याचा खर्च शिक्षकाच्या खिशातून करण्याची कल्पना कोणी मांडली असती तर संघटनांनी मोर्चे काढले असते. फोनच्या बाबतीत ही गोष्ट कधी ठरली, हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

पिकाची साक्ष

शेतकऱ्याच्या बाबतीत ती ठरल्याची तारीख मात्र सांगता येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने शेतावर न येता चावडीत बसून पिकांच्या नोंदी करायच्या, ही जुनी तक्रार होती. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवरून पिकाचे छायाचित्र घ्यायचे आणि नोंद करायची. कल्पना उत्तम, आपल्या पिकाची नोंद आपण करावी यात लोकशाहीचे तत्त्वही आहे. अडचण येते ती फोनच्या वयाची. अ‍ॅप उतरवून घ्यायचे तर ‘स्टोरेज’ भरलेले, जुन्या फोनवर नवी आवृत्ती चालत नाही, बालाघाटाच्या उतारावरच्या शिवारात रेंज नाही, आणि रेंज मिळाली तर सर्व्हर थकलेला. नोंदीची मुदत वाढवण्याची वेळ शासनावर वारंवार आली. ज्याचा फोन चांगला, तो कॉलेजात जाणारा मुलगा गावभर हिंडून इतरांच्या नोंदी करून देतो; कोणी चहावर भागवतो, कोणी पैसे घेतो. पूर्वी गावात लिहिता-वाचता येणाऱ्याला पत्रे वाचून दाखवण्यासाठी बोलवीत, त्याचीच ही नवी आवृत्ती होय.

या जिल्ह्याने याहून मोठा धडा त्याआधीच घेतला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये काढणीला आलेले सोयाबीन अतिवृष्टीने हातचे गेले. पीक विम्याच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना विमा कंपनीला ७२ तासांच्या आत द्यायची होती. त्यासाठी अ‍ॅपखेरीज टोल-फ्री क्रमांक, बँक, कृषी कार्यालय असे मार्ग कागदोपत्री उपलब्ध होते. पण ओढ्याला पूर, वीज गेलेली, फोन बंद पडलेला, आणि क्रमांक लागला तर तो अखंड व्यग्र, अशा स्थितीत तीन दिवस किती लवकर सरतात हे ज्याने अनुभवले त्यालाच कळावे. मुदतीत सूचना आली नाही म्हणून बहुसंख्य शेतकरी भरपाईबाहेर राहिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. महसूल व कृषी खात्यांनी पंचनामे केलेले असताना केवळ ७२ तासांच्या अटीवर बोट ठेवून भरपाई नाकारता येणार नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने मे २०२२ मध्ये जिल्ह्यातील साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयातही गेला. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की, पीक बुडाले याविषयी कोणाचाही मतभेद नव्हता. प्रश्न होता तो कळवले की नाही एवढाच.

या यंत्राविषयीचा सर्वांत स्पष्ट अभिप्राय मात्र अंगणवाडी सेविकांनी दिला. शासनाने २०१९ मध्ये त्यांना फोन दिले होते. त्यांची मेमरी तोकडी. दोन वर्षांत ते तापू लागले, अडकू लागले, आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर येऊ लागला. त्यातच २०२१ मध्ये आलेले ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन शासनाला परत केले. सामान्य ग्राहक वाईट फोनविषयी कुरकुरतो आणि तो खणात टाकतो. या स्त्रियांनी तो ज्याच्या कामासाठी होता त्याच्या दारात नेऊन ठेवला. शेतकऱ्याला आणि शिक्षकाला ही सोय नाही. त्यांचा फोन त्यांनी स्वतःच विकत घेतलेला असतो.

फोनची साक्ष शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही असे मात्र नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि तिच्या उपनद्यांना आलेल्या पुराने परंडा-भूम भागात हाहाकार उडवला. माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. पंचनाम्याला अधिकारी पोहोचू शकत नसतील तेथे मोबाईलवर काढलेली छायाचित्रेही ग्राह्य धरू, असे राज्य सरकारने तेव्हा सांगितले. मदतीसाठीची ई-केवायसीची अटही नोंदणीकृत शेतकऱ्यांपुरती शिथिल केली. म्हणजे संकट पुरेसे मोठे असेल तर यंत्रासाठी माणूस थांबवायचा नसतो, हे शासनाला कळते. अडचण लहान संकटांची आहे. ज्यात एकाच शेतकऱ्याचे चार एकर जातात आणि हेलिकॉप्टर येत नाही.

अशा लहान संकटांसाठी काय करता येईल, हे फार गहन नाही. सरकारी अ‍ॅप पाच-सहा वर्षांच्या जुन्या फोनवर चालले पाहिजे. रेंज नसताना नोंद साठवून नंतर ती पाठवता आली पाहिजे. आणि सज्जावर कागदी अर्ज देऊन त्याची पोच मिळाली पाहिजे, जिची तारीख अ‍ॅपवरच्या तारखेइतकीच खरी मानली जाईल. ज्या कर्मचाऱ्याच्या फोनवर खात्याचे काम चालते त्याला रिचार्जचा भत्ता देणे हा तर साध्या हिशेबाचा भाग आहे. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवल्यापासून तो हिशेब अधिकच टोचतो. ज्यांना इंटरनेट नकोच आहे त्यांच्यासाठी केवळ संभाषणाचे स्वतंत्र दर ठेवा, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगावे लागले. बटणांच्या फोनवर समाधानी असलेली माणसे अद्याप या देशात आहेत, याची ही अधिकृत कबुलीच म्हणावी लागेल.

राज्याने २०२५ च्या खरिपापासून पीक विम्यातील वैयक्तिक नुकसानीच्या पूर्वसूचनेवर आधारलेली भरपाई वगळली, तेव्हा ७२ तासांचा प्रश्न मागे पडला असे वाटले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्य प्राण्यांकडून होणारे नुकसान विम्यात घेण्याची घोषणा केली. २०२६ च्या खरिपापासून ते लागू करायचे आहे. रानडुकरांनी आणि हरणांनी गांजलेल्या या जिल्ह्याची ती जुनी मागणी होती. सूचना द्यायची आहे अ‍ॅपवरून, स्थान नोंदलेल्या छायाचित्रासह, ७२ तासांच्या आत. रानडुक्कर रात्री येते. सकाळी भुईमूग उकरलेला दिसेल तेव्हा त्या तासांतले काही संपलेले असतील, आणि घरातला एकमेव चालता फोन कदाचित कॉलेजला गेलेल्या मुलाच्या खिशात धाराशिवला असेल.