एका खांबाचं टेबल : पाय कोपऱ्याकडे की कडेकडे?



आमच्या घरी चार जणांचं चौकोनी जेवणाचं टेबल आहे. मधे एकच खांब आणि खाली चार दिशांना पसरलेले चार पाय. मे महिन्याच्या सुट्टीत तिसरीत गेलेली माझी मुलगी त्याच्या कोपऱ्यावर हात टेकवून वर चढायला गेली आणि टेबल तिच्याच अंगावर कलंडलं. नशीब, वरणाचं पातेलं तेव्हा ओट्यावर होतं. तिला रागावून झालं, आणि मग मी टेप घेऊन टेबलाखाली बसलो. चूक मुलीची कमी आणि पायांच्या दिशेची जास्त होती!

चौरंगाचे पाय कोपऱ्यांतच असतात, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. एका खांबाच्या टेबलाचे पाय मात्र फळीपेक्षा आत असतात. त्या चार पायांची टोकं जोडली की जमिनीवर एक चौकोन तयार होतो. त्याला आपण 'आधाराचा चौकोन' म्हणू. या चौकोनाच्या बाहेर वरून दाब पडला की टेबल तरफेसारखं वागतं. चौकोनाची जवळची बाजू हा टेकू. टेबलाचं स्वतःचं वजन त्याला खाली धरून ठेवतं आणि आपला दाब त्याला उलटवू पाहतो.

आता आकडे बघा. आमचं टेबल 90 सेंमी बाजूचं, वजन अंदाजे 30 किलो. प्रत्येक पायाचं टोक मध्यापासून 35 सेंमीवर. फळीचा कोपरा मध्यापासून सुमारे 64 सेंमीवर.

पाय कडेकडे असतील तर : कोपऱ्याच्या दिशेने टेकू मध्यापासून फक्त 25 सेंमीवर येतो. म्हणजे कोपरा 39 सेंमी बाहेर राहतो. 30 × 25 = 750, भागिले 39. कोपऱ्यावर सुमारे 19 किलो दाब पडला की टेबल उचललं जातं. माझ्या मुलीचं वजन 24 किलो!

पाय कोपऱ्यांकडे असतील तर : कोपरा टेकूच्या 29 सेंमी बाहेर राहतो. 30 × 35 = 1050, भागिले 29. आता सुमारे 36 किलो दाब लागतो.

पाय तेच, खांब तोच. फक्त दिशा बदलली आणि ताकद जवळपास दुप्पट झाली. कडेकडे पाय असताना कडेचा मध्य खूप भक्कम असतो हे खरं, पण टेबल उलटतं ते सगळ्यात कमकुवत जागेवरून. शिवाय कोपऱ्याकडे पाय असले की बसणाऱ्याच्या पायांना ठेचाही लागत नाहीत, कारण खुर्च्या कडेला असतात.

गोल टेबलाला कोपरे नसतात. तिथे खुर्च्या दोन पायांच्या मधल्या जागेत ठेवल्या की झालं. तीन पायांचं टेबल तिवईसारखं खडबडीत फरशीवरही डुगडुगत नाही, पण त्याचा आधाराचा त्रिकोण लहान असतो. तितक्याच लांबीच्या चार पायांच्या टेबलापेक्षा ते लवकर कलंडतं. डुगडुगणं आणि कलंडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना आवर्जून सांगा.

वर्गात करून बघा : जाड पुठ्ठ्याचा 18 सेंमीचा चौरस कापा. न वाकणाऱ्या 14 सेंमीच्या दोन पट्ट्या अधिक चिन्हासारख्या चिकटवा, वर दोऱ्याचं रीळ, त्यावर पुठ्ठा. हे आमच्याच टेबलाचं पाचपट लहान रूप! एका कोपऱ्यावर एकेक रुपयाचं नाणं ठेवत जा आणि टेबल पडेपर्यंत मोजा. मग पुठ्ठा 45 अंशांत फिरवून पुन्हा मोजा. आधी मुलांना अंदाज लिहायला लावा, खरी गंमत त्यातच आहे.

आमच्या टेबलाचं काय झालं? सुतारकाकांनी फळीखालची पट्टी सोडवली, 45 अंश फिरवली आणि नवीन भोकं पाडून बसवली. अर्ध्या तासाचं काम. तरीही टेबलावर चढायचं नाही हा नियम आमच्या घरी कायम आहे, कारण 36 किलो म्हणजे काही फार नव्हे. मोठा माणूस कोपऱ्यावर बसला तर ते आजही उलटेल.

आज जेवायला बसण्याआधी एकदा वाकून बघा. तुमच्या टेबलाचे पाय कुठे बघतायत?