शून्यावर बाद, तरी मृतसाठा शिल्लक

पावसाळा सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न उजनी धरणाचा निघतो: आज किती टक्के? उत्तर ऐकून मात्र कुणी लगेच उसाची लागण ठरवत नाही. दौंडकडून येणारा विसर्ग एका रात्रीत वाढतो आणि दोन दिवसांत ओसरतोही, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. एका पावसावरून साल कळत नाही आणि एका सालावरून रानाचा कस कळत नाही. पण हाच जाणता माणूस संध्याकाळी मोबाइलवर धावफलक उघडतो तेव्हा ही सगळी सावधगिरी गुंडाळून ठेवतो. तीन डावांत अपयशी ठरलेला फलंदाज ‘संपला’ आणि दोन शतकं ठोकणारा ‘उद्याच संघात घ्या’, असा निकाल टपरीवरच लागतो. वास्तविक पाण्याचा आकडा आणि धावांचा आकडा यांना एकच नियम लागू आहे. थोड्या डावांवरून काढलेली सरासरी जशी दिसते तशी खरी मानायची नसते. ती फलंदाज ज्या गटातला आहे त्या गटाच्या सरासरीकडे काही अंतर ओढून मगच वाचायची असते. किती ओढायची, याचं गणित आहे, आणि त्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण क्रिकेटमधलं नसून अमेरिकेच्या बेसबॉलमधलं आहे.

बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी धावांवर ठरत नाही. मोजल्या जाणाऱ्या संधींपैकी किती वेळा त्याने चेंडू टोलवून सुखरूप तळ गाठला, हे तिथे पाहतात. शंभरातल्या तीस संधी साधल्या तर सरासरी ०.३००, आणि तेवढी असलेला खेळाडू उत्तम समजला जातो. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १९७० च्या हंगामातल्या १८ खेळाडूंची कथा मांडली. हंगामाच्या सुरुवातीला या प्रत्येकाला ४५ संधी मिळाल्या होत्या. पिट्सबर्गच्या रॉबर्टो क्लेमेंटेने त्यातल्या १८ साधल्या, म्हणजे सरासरी ०.४००. न्यूयॉर्क यँकीजच्या थर्मन मन्सनने फक्त ८ साधल्या, सरासरी ०.१७८. अठरा जणांची मिळून सरासरी होती ०.२६५. आता उरलेल्या हंगामात प्रत्येकजण कसा खेळेल, याचा अंदाज बांधायचा. सरळ मार्ग म्हणजे जो आकडा दिसतो तोच पुढे धरायचा. एफ्रन आणि मॉरिस यांनी मात्र चार्ल्स स्टाइन यांच्या सिद्धांताच्या आधारे प्रत्येकाचा आकडा ०.२६५ च्या दिशेने जवळपास चार पंचमांश ओढला. क्लेमेंटेसाठी अंदाज आला ०.२९४, मन्सनसाठी ०.२४७. पुढे काय झालं? क्लेमेंटे ०.३४६ वर आला. सुरुवातीला ०.३७८ वर असलेला फ्रँक रॉबिन्सन ०.२९८ वर उतरला. आणि तळाजवळचा मन्सन ०.३१६ वर चढला; त्या वर्षी अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम नवोदिताचा किताबही त्यालाच मिळाला. अठरापैकी सोळा खेळाडूंच्या बाबतीत ओढून काढलेला अंदाज दिसणाऱ्या आकड्यापेक्षा खऱ्याच्या जवळ निघाला. ४५ संधी पाहून मन्सनला घरी पाठवणारा निवडकर्ता वर्षाचा सर्वोत्तम नवोदित गमावून बसला असता.

असं का होतं, याचं कारण गूढ नाही. दिसणाऱ्या प्रत्येक आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: खेळाडूची कुवत आणि त्या दिवसांचा योग. यादीच्या टोकाला पोचतो तो बहुधा कुवतीला योगाचीही साथ मिळालेला, आणि तळाला जातो तो बहुधा योगाने दगा दिलेला. कुवत पुढच्या महिन्यातही टिकते. योग नव्याने पडतो. म्हणून वरचे थोडे खाली येतात आणि खालचे थोडे वर जातात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींमध्ये हीच ओढ दाखवली होती. क्रिकेटमध्ये योगाचा वाटा किती मोठा असतो, हे इंग्लंडमध्ये जी. एच. वुड यांनी १९४५ मध्ये तपासलं. फलंदाजाच्या डावांतल्या धावा साधारणपणे भूमिती श्रेणीने विखुरतात, हा त्यांचा मुद्दा. त्याचा सोपा अर्थ असा, की फलंदाजाच्या धावांमधला चढउतार त्याच्या सरासरीइतकाच मोठा असतो. ज्याची खरी सरासरी ४५ आहे, तोही या हिशेबाने दर पाच डावांत सुमारे एकदा दहाच्या आत बाद होणार. असे शंभर उत्तम फलंदाज दोन डावांच्या निवड चाचणीला उभे केले, तर चार जण दोन्ही डावांत दहाच्या आत परततील. त्या चौघांच्या खेळात काहीही खोट नसेल.

हाच हिशेब सोलापूर जिल्ह्याशी नातं असलेल्या दोन फलंदाजांना लावून पाहू. पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ मध्ये सोलापूरचा. ५९ कसोटींत त्यांनी ३६३१ धावा केल्या, सरासरी ४२.२२; म्हणजे ते ८६ वेळा बाद झाले. केदार जाधव पुण्यात वाढला, पण त्याचं मूळ गाव जाधववाडी, टेंभुर्णीच्याच माढा तालुक्यातलं. २०१३-१४ च्या रणजी हंगामात त्याने १२२३ धावा कुटल्या, सहा शतकांसह, आणि महाराष्ट्राला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. सरासरी ८७.३५, म्हणजे तो १४ वेळा बाद झाला. सरासरीतली अनिश्चितता बाद होण्याच्या संख्येच्या वर्गमूळाने घटते. त्यामुळे ८६ आणि १४ या आकड्यांचं वजन सारखं नाही. समजा, अशा दर्जाच्या फलंदाजांची गटसरासरी ३५ आहे आणि त्यांच्या खऱ्या कुवतीत दहाएक धावांचा फरक असतो. मग ८६ वेळा बाद झालेल्याच्या स्वतःच्या आकड्याला सुमारे सात अष्टमांश वजन द्यायचं आणि उरलेलं गटाला. १४ वेळा बाद झालेल्याच्या आकड्याला अर्ध्याहून किंचित जास्त. आणि तीनदाच बाद झालेल्याला फक्त एक पंचमांश. या मापाने केदारचे ८७ हे ६३ च्या आसपास वाचायचे. त्याची प्रथम श्रेणीतली संपूर्ण कारकिर्दीची सरासरी ४८.०३ राहिली. ६३ देखील थोडा जास्तच ठरला. पण जो ८७ हाच आकडा धरून बसला, त्याचा अंदाज याच्या अडीचपट चुकला.

यावर पहिला आक्षेप क्रिकेट खेळलेला माणूस घेईल: फॉर्म नावाची चीज असतेच, सगळं योगावर ढकलता येत नाही. आक्षेप बरोबर आहे, आणि केदारचाच हंगाम त्याची साक्ष देतो. खरी सरासरी ४८ असलेल्याला १४ वेळा बाद होऊन ८७ गाठायला निव्वळ योगाची मदत पुरणार नाही. ते हिशेबाच्या पल्ल्याच्या बरंच बाहेर आहे. त्या हिवाळ्यात तो खरंच नेहमीपेक्षा चांगला खेळत होता. पण दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, देशभरच्या रणजी फलंदाजांतून आपण त्याला निवडलं ते तो यादीत पहिला होता म्हणून. शंभर-दीडशे जणांत कुणाचा तरी योग जबर लागणारच. दोन, ओढून वाचणं म्हणजे फॉर्म नाकारणं नव्हे. ६३ हा आकडाही गटाच्या ३५ पेक्षा कितीतरी वर आहे आणि निवड समितीला हाक मारायला तेवढा पुरेसा आहे. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी केदार भारताकडून खेळला. १५ जानेवारी २०१७ ला पुण्याजवळच्या गहुंज्यात ३५१ धावांचा पाठलाग करताना भारत ४ बाद ६३ वर असताना त्याने विराट कोहलीसोबत द्विशतकी भागीदारी केली आणि ७६ चेंडूंत १२० धावा केल्या. त्याच खेळाडूच्या २०२० च्या आयपीएलमध्ये आठ सामन्यांत अवघ्या ६२ धावा झाल्या आणि समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ खिल्ली उडाली. पुण्याचा तो डाव पाहून त्याला देव करणारे आणि आयपीएल पाहून मोडीत काढणारे, दोघांची चूक एकच होती. भारतासाठी ७३ एकदिवसीय सामन्यांत त्याची सरासरी राहिली ४२.०९, दोन्ही टोकांच्या मधली.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: ओढायचं, पण कोणत्या गटाकडे? एफ्रन आणि मॉरिस यांनी स्वतःच हा प्रश्न उभा केला होता. खेळाडूंच्या यादीत शिकागोतल्या विदेशी मोटारींचं प्रमाण घुसडलं तरी गणित बिनतक्रार चालतं, पण त्याला अर्थ उरत नाही. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत आठ षटकांत साठ मारणाऱ्या मुलाचा आकडा रणजीच्या सरासरीशी जोडणं हे तसंच आहे. मैदान, चेंडू, गोलंदाजी आणि फलंदाजीचा क्रम जिथे जुळतात, तोच गट धरायला हवा. एकदिवसीय सामन्यात सहाव्या क्रमांकावर येऊन दहा चेंडू खेळणाऱ्याला सलामीवीराच्या सरासरीकडे ओढलं तर त्याच्यावर अन्यायच होईल. शिवाय वुड यांची भूमिती श्रेणीही तंतोतंत बसत नाही. फलंदाज नवा असताना शून्यावर बाद होण्याचं प्रमाण तिच्या हिशेबापेक्षा जास्त आढळतं. म्हणजे वर दिलेले अंक पंचांगातल्या मुहूर्तासारखे पाळायचे नाहीत. त्यांची दिशा मात्र बदलत नाही: डाव जितके कमी, तितकी ओढ जास्त.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि माढ्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. मोठ्या शहरातल्या अकादमीतल्या मुलामागे वर्षाला पन्नास डावांची नोंद असते. खेड्यातून एसटीने जिल्ह्याच्या चाचणीला गेलेल्या मुलाला दोन-तीन डाव मिळतात. सगळ्यांना सरासरीकडे ओढलं, तर या मुलाची चमक पुसली जाणार नाही का? हिशेब करून पाहा. तीनदा बाद होऊन १२० ची सरासरी काढणारा मुलगा ३५ च्या गटात ५२ वर येतो. तीनदा बाद होऊन सरासरी ३ वर अडकलेला मुलगा चढून २९ वर जातो. दोघांमधली ११७ धावांची दरी २३ वर येते. चमकलेल्याचं थोडं कमी होतं हे खरं, तरी तो पुढेच राहतो. पण ज्याचं नाव यादीतून खोडलं जाणार होतं, त्याच्याविषयी आपल्याला अजून जवळपास काहीच कळलेलं नाही, हे आकडाच कबूल करतो. शहरी मुलाला मिळणारा खरा फायदा पन्नास डावांचा आहे. तो एका वाईट डावाने बुडत नाही, कारण त्याच्यामागे उरलेले एकोणपन्नास असतात. म्हणून निवड न्यायाची करायची तर उपाय सूत्रापाशी संपत नाही. तालुक्याच्या मुलाला चाचणीत तीनऐवजी पंधरा डाव द्यायला हवेत. संधी म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत नमुन्याचा आकार, आणि तो वाढवणं संघटनेच्या हातात आहे, मुलाच्या नाही.

उजनीचा आकडा वाचताना टेंभुर्णीकर एक गोष्ट कधी विसरत नाही. उन्हाळ्यात धरण शून्य टक्क्यांवर येतं, मग उणेमध्येही जातं. पण शून्य म्हणजे कोरडं नव्हे. सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा शून्याच्या रेषेखाली असतो. टक्केवारी त्या रेषेपासून मोजली जाते. चाचणीत भोपळा घेऊन परतलेल्या मुलाच्या नावापुढचं शून्यही तसंच वाचायला हवं. त्याच्याखाली त्याच्या गटाने वर्षानुवर्षं साठवलेली सरासरी उभी आहे, आणि आणखी बरेच डाव खेळवल्याशिवाय रेषेच्या वर त्याचं स्वतःचं पाणी किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.