नवा स्टार्टर, पण खडखड जास्तच

सोयाबीन निघाले, हरभऱ्याची घाई सुरू झाली की नेमका तेव्हाच ट्रॅक्टर अडतो. चिखली-मेहकर भागात फिरताना एक तक्रार हमखास कानी येते, "साहेब, जुन्या ट्रॅक्टरले नवा स्टार्टर बसवला, तं आवाज जास्तच येते!"

मग दुकानदाराशी भांडण. पण दोष दरवेळी स्टार्टरचाच नसतो. चावी फिरवली की स्टार्टरचे पिनियन पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये बसते. इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन-तीन जागीच थांबते, म्हणून रिंगचे तिथलेच दात झिजतात. खडखड कधी येते, कधी येत नाही, असे असेल तर संशय रिंगवर घ्या. स्टार्टर उतरवून फ्लायव्हील हाताने पूर्ण एक फेरा फिरवायला आणि सगळे दात पाहायला मिस्त्रीला सांगा. झिजलेल्या रिंगवर नवे पिनियनही लवकर खराब होते.

जुना स्टार्टर भंगारात देण्याआधी दोन्हींच्या पिनियनचे दात मोजा. एकाचाही फरक चालायचा नाही. बोल्ट ढिले नाहीत ना, तेही पाहा. इंजिन सुरू होऊन चावी सोडल्यावरही किंचाळणे थांबत नसेल तर पिनियन मागे येत नाही. इंजिन लगेच बंद करा.

आणि हो, पाना लावून स्टार्टर 'डायरेक्ट' करू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर झटक्यात निघतो, अन् आपण चाकाजवळच उभे असतो. हात घालण्याआधी बॅटरीची तार काढा.