फिर्याद कोणाची, वकील कोणाचा?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी एके दिवशी लाटणे खाली ठेवले आणि विचारले, "भाऊ, कोर्टात आपला वकील कोणता हो?"

"सरकारी वकील. तोच आपला," मी म्हणालो.

"मग तो त्यांच्यासंगं चहा कसा काय पितो?"

मी मराठीचा मास्तर. कायद्याचे माझे ज्ञान वर्तमानपत्रापुरते. पण फिर्याद हा शब्द माझ्या प्रांतातला. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. गंमत अशी, की फौजदारी खटल्यात हाक मारणारा बाजूलाच राहतो. त्याच्या वतीने उभे राहते सरकार आणि सरकारच्या वतीने एक वकील. मावशींचा मुलगा स्वतःच्याच खटल्यात नुसता साक्षीदार होता.

या मुलाला एका कंत्राटदाराच्या चिरंजीवांनी लोखंडी गजाने मारले. एका डोळ्याची दृष्टी गेली. खुनाच्या प्रयत्नाचा खटला सेशन्स कोर्टात उभा राहिला. आपल्याकडे मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातले सरकारी वकील लोकसेवा आयोगामार्फत निवडलेले पगारी नोकर असतात. सेशन्स कोर्टातले मात्र बहुधा तिथेच वकिली करणाऱ्यांमधून ठराविक मुदतीसाठी नेमलेले. आमच्या या वकीलसाहेबांनी पूर्वी कंत्राटदाराचे जमिनीचे दावे चालवले होते. गाव म्हटले की एवढी ओळखदेख असायचीच!

मी दोन दिवस रजा काढून मागच्या बाकावर बसलो. साहेब मोठे सभ्य गृहस्थ. मावशींशीही गोड बोलले. फक्त डॉक्टर साक्षीला उभे राहिले तेव्हा, दृष्टी कायमची गेली की काय, हे त्यांनी विचारले नाही. सर्टिफिकेट फायलीत होते. ते फायलीतच राहिले. निकाल लागला तो साधी दुखापत म्हणून, आणि दंड भरून चिरंजीव घरी गेले.

रामशास्त्र्यांची गोष्ट आपण मुलांना हौसेने सांगतो. पण रामशास्त्र्यांसमोर पुरावा कोणी मांडायचा, हे त्या गोष्टीत कोठे येते? न्यायाधीशाला स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे खरा. पण फायलींच्या ढिगाऱ्यात बसलेल्या माणसाला न विचारलेला प्रश्न ऐकू येणार कसा? खोटे बोलणारा वकील पकडता येतो. गप्प बसणाऱ्याला पकडायचे कसे?

हे दुखणे आमच्याच गावचे असावे असे मला वाटे. मग थोडे वाचन केले. बडोद्याच्या बेस्ट बेकरीत १ मार्च २००२ च्या रात्री लागलेल्या आगीत चौदा माणसे मेली. खटल्यात ७३ साक्षीदारांपैकी ३७ फितूर झाले आणि जून २००३ मध्ये एकवीसच्या एकवीस आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये तो निकाल रद्द केला. सरकारी वकील आरोपींच्याच वकिलासारखे वागले, असा स्पष्ट ठपका ठेवला, आणि न्यायाधीशाने नुसते प्रेक्षक होऊन बसू नये असेही बजावले. खटला पुन्हा चालला तो थेट मुंबईत. तेथे २००६ मध्ये सतरांपैकी नऊ जणांना शिक्षा झाली. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतली चौघांचीच कायम ठेवली. निकालाविषयी मतभेद असोत. पण न्यायासाठी खटल्याला राज्याची हद्द ओलांडावी लागली, हे माझ्या मनातून जात नाही.

उत्तर प्रदेशात १९९० मध्ये सरकारने एका परिपत्रकासरशी सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील घरी बसवले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते परिपत्रक रद्द ठरवले. सत्ता बदलली की वकीलही बदलायचे, मग त्या वकिलाने कोणाच्या तोंडाकडे पाहून काम करावे?

आणि आपण महाराष्ट्रीयांनीही फार ताठ मानेने बसू नये. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलीस अधिकाऱ्याला सहायक सरकारी वकील होण्यास मनाई केली, तरी आपल्याकडे हे वकील पोलीस खात्याच्याच हाताखाली राहिले. तपास करणारे आणि तो तपास पारखून कोर्टात मांडणारे, दोघांचा साहेब एकच! १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे वेगळे खाते करायला सांगितले, तेव्हा हलले. नियम आहेत, २०२४ पासून तर नवी संहिताही आली आहे. पण एकाच गावातली जुनी वकीलपत्रे आणि लग्नाच्या पंगती कोणत्या कलमात मोजणार? वशिला या शब्दाचा मूळ अर्थ नुसता साधन, मध्यस्थ. त्यात वाईट काहीच नव्हते.

मावशींच्या बाबतीत एक वाट होती. २००९ च्या अखेरीपासून, आरोपी कमी गुन्ह्याखाली सुटला तर ज्याला इजा झाली तो स्वतः अपील करू शकतो. विधी सेवा समितीकडून वकीलही मिळाला, एक तरुण मुलगी. मी मोठ्या उत्साहाने मावशींना तिची हुशारी सांगू लागलो.

त्यांनी पीठ मळता मळता सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ते असू द्या. ती आपल्या गावची तर नाही ना?"

"नाही. साताऱ्याकडची आहे."

"मग ठीक," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी तवा चुलीवर ठेवला.