गोधडीचा गोट: हाताने शिवायचा की मशीनवर?

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि चहाचे घोट काढून टाकलेत. बाकी सगळं जसं बोललो तसं.)

गोधडीच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न असा होता: “आजीची गोधडी कडेने फाटलीय. नवी पट्टी लावायची तर हाताने लावू की मशीनवर?” आज फक्त त्यावरच बोलू.

आधी हे बघा, की कडच का फाटते?

गोधडी मधे सपाट असते. तिथे घर्षण पसरून जातं. कडेला मात्र कापड दुमडलेलं असतं आणि त्या घडीवर अगदी थोडे धागे सगळा मार खातात. अंगावर ओढताना आपण धरतो ती कड. धुताना पिळतो ती कड. दोरीवर ओल्या गोधडीचं वजन पेलते तीही बऱ्याचदा कडच. एकदा कड उसवली की आतल्या थरांच्या दशा निघायला लागतात, आणि मग मधले धावदोरेही सुटतात. म्हणून गोट, म्हणजे कडेने लावलेली पट्टी, ही नुसती सजावट नाही. तो गोधडीचा बंपर आहे. झिजला की बदलायचा आणि आतली गोधडी वाचवायची.

सगळीकडे वेगळा गोट लावतात असंही नाही. आपल्याकडे बरेचदा खालचं आस्तर थोडं मोठं ठेवून तेच वर दुमडतात आणि टाके घालतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी तर कडेपासूनच सुरू होते. एका कोपऱ्यातून निघायचं, गोल गोल टाके घालत मध्यावर पोचायचं. शेवटी कोपऱ्यांवर कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फूल’ म्हणतात.

पट्टी किती लागेल?

सिंपल गणित आहे. लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन, त्यात जोड आणि कोपऱ्यांसाठी १२ इंच. गोधडी ९० बाय ६० इंच असेल तर ३०० अधिक १२, म्हणजे ३१२ इंच. पट्टी अडीच इंच रुंद कापून उभी मधोमध दुमडायची, म्हणजे काठावर दुहेरी कापड येतं. गोधडी चार-पाच थरांची जाड असेल तर ३ इंच घ्या.

दुकानातल्या ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून आडव्या पट्ट्या कापल्या तर जोडात जाणारं कापड धरून ८ पट्ट्या लागतात. आता गंमत बघा. नऊवारी साडी म्हणजे ९ गुणिले ३६, बरोबर ३२४ इंच. एका नऊवारीच्या लांबीतून निघालेली एकच पट्टी अख्ख्या गोधडीला पुरते, जोड फक्त शेवटी एक! जुनी साडी मधे विरलेली असते, म्हणून पट्टी काठाजवळून घ्या. शिवाय लांबीतली पट्टी आडव्या पट्टीपेक्षा कमी ताणली जाते, त्यामुळे कड लाटांसारखी होत नाही. गोधडीचे कोपरे गोल असतील तर मात्र उरेब पट्टीच हवी, सरळ पट्टी वळत नाही.

कापड नवं असेल तर आधी धुऊन घ्या. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि काठाला चुण्या पडतात. गडद लाल तर नक्कीच धुवा, नाहीतर रंग आजीच्या साडीवर उतरेल.

कोपरा

सगळे अडतात ते इथे. दुमडलेल्या पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून पाव इंच आत टीप मारत या. कोपरा पाव इंच उरला की थांबा. दोरा तोडा. पट्टी सरळ वर दुमडा, तिरकी घडी पडेल. मग तीच पट्टी खाली आणा, वरची घडी कडेला जुळवा आणि कडेपासून पुन्हा सुरू करा. उलट्या बाजूला वळवलीत की कोपरा आपोआप तिरका बसतो. पहिल्यांदा वर्तमानपत्राच्या पट्टीवर करून बघा, दोन मिनिटांत कळतं.

आता मुख्य प्रश्न

*मशीनवर:* पट्टी आधी गोधडीच्या मागच्या बाजूला टिपायची, पुढे वळवायची आणि पुढून दुसरी टीप मारायची. असं केलं की दिसणारी टीप आपल्या डोळ्यासमोर राहते. अडचण एकच. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे रेंगाळतो आणि पट्टी पिळवटते. वॉकिंग फूट असेल तर तो वरचा थरही सोबत ढकलतो. नसेल तर क्लिपा जवळजवळ लावा, टाका थोडा मोठा ठेवा, हळू चालवा.

*हाताने:* पुढची टीप मशीनवर, पण मागे वळवलेली पट्टी सुई-दोऱ्याने तुरपायची. टाका जेमतेम दिसतो आणि काठ मऊ राहतो. दर वीतभर अंतरावर एक उलटा टाका घाला, म्हणजे दोरा कुठे तुटला तरी अख्खी बाजू सुटणार नाही. अंगुस्तान वापरा. चार थरांतून सुई ढकलणं म्हणजे बोटांशी वैर.

मग टिकाऊ कुठलं? “हाताचं ते पक्कं” हे सरसकट खरं नाही. नवी गोधडी असेल, वॉशिंग मशीनमध्ये पडणार असेल, घरात लहान बाळ असेल तर मशीनची टीप बिनधास्त मारा. तिथे वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, ताण चांगला सोसतात.

पण आजीची जुनी गोधडी असेल तर हातानेच. कारण मशीनची सुई एका सरळ रेषेत जवळजवळ भोकं पाडत जाते. विरलेल्या साडीवर ती रेषा पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते आणि कापड तिथेच फाटतं. दोराही सुती घ्या, पॉलिएस्टर नको. नियम असा की दोरा कापडापेक्षा कमजोर हवा. घरातला फ्यूज आठवा. ताण आला की दोरा तुटू दे, तो परत घालता येतो. फाटलेली साडी परत विणता येत नाही. आणि जुनी कड कापू नका. नवा गोट तिच्यावरूनच चढवा, खालचे मूळ टाके तसेच राहू देत.

शेवटचं, पैशांचं

३०० इंच तुरपायचे, इंचाला ४ टाके म्हणजे १२०० टाके. मिनिटाला ८ धरले तर अडीच तास, तेही न उठता. ताशी १०० रुपये धरले तर २५० रुपये नुसत्या काठाचे, अजून गोधडी शिवलेलीच नाही. म्हणून ऑनलाइन “पूर्ण हातशिलाई” लिहिलेली गोधडी फारच स्वस्त दिसली तर दोनच शक्यता: एकतर काठ मशीनचा आहे, नाहीतर शिवणाऱ्या बाईला तिच्या वेळेचे पैसे मिळालेले नाहीत. मागची बाजू झूम करून बघा. एकसारखी सलग टीप दिसली तर मशीन. मशीन असण्यात वाईट काही नाही, पण तसं लिहायला हवं. आणि खरंच हाताचं असेल तर घासाघीस करू नका.

तुमच्या घरच्या गोधडीच्या काठाचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा. आणि तुमच्याकडे त्याला गोट म्हणतात, पट्टी म्हणतात की आणखी काही, तेही लिहा. भेटू पुढच्या भागात!