लातूरचें रेल्वे स्टेशन

मोठ्या शहरांतील भव्य रेल्वे-स्थानकांचीं वर्णनें आपण पुष्कळदां वाचतों. परंतु आडबाजूच्या फाट्यावरील लहान स्टेशनाचा इतिहास कोणी फारसा सांगत नाहीं. वस्तुतः एखाद्या प्रांताचें सुखदुःख समजून घ्यावयाचें असेल, तर तेथील स्टेशनावर काय आलें व तेथून काय गेलें, एवढें पाहिलें तरी पुरें. या दृष्टीनें मराठवाड्यांतील लातूरचें स्टेशन विचार करण्यासारखें आहे. त्याची हकीकत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

मुंबईहून पुण्यावरून सोलापुराकडे जाणारा लोहमार्ग १८५९-६० सालीं तयार झाला. या मार्गावर कुर्डुवाडी येथें जें स्टेशन होतें, तें 'बार्शी रोड' या नांवानें ओळखलें जाई. नांव बार्शीचें, पण बार्शी गांव तेथून सुमारें २१ मैल दूर! बालाघाटाच्या डोंगरांखालीं वसलेली बार्शी ही कापूस व गळिताचीं धान्यें यांची मोठी पेठ. लातूर तर त्याहून पुढें, घाटावर, निजामाच्या राज्यांत. त्या मुलखांतील माल बैलगाड्यांनीं घाट उतरून येई. पावसाळ्यांत काळ्या मातीच्या वाटेवर चाकें रुतून बसत आणि मालाला भाव असूनहि तो बाजारीं पोंचत नसे.

ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराच्या ध्यानांत आली. मुख्य मार्गासारखा रुंद लोहमार्ग या प्रदेशांत बांधणें परवडणारें नव्हतें. तेव्हां दोन रुळांमधील अंतर साडेपांच फुटांऐवजीं केवळ अडीच फूट ठेवावें, असें त्यानें ठरविलें. परंतु त्याचें खरें चातुर्य याहून निराळें होतें. इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो कीं मालाची वाघीण असो, कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, असा त्यानें नियम केला. जड ओझें एकट्याच्या डोक्यावर दिलें तर तो वांकतो. तेंच चौघांनीं वाटून घेतलें तर चौघेहि ताठ चालतात. त्याचप्रमाणें भार अनेक आंसांवर सारखा वांटला गेल्यामुळें दर यार्डास ३० पौंड वजनाचे हलके रूळहि पुरेसे झाले, आणि तरीहि गाडींत पुष्कळ माल मावूं लागला. १८९५ सालीं 'बार्शी लाइट रेल्वे' कंपनी स्थापन झाली आणि १८९७ सालीं बार्शी रोड ते बार्शी ही गाडी धांवूं लागली.

पुढें १९०६ सालीं या मार्गाची एक शाखा पंढरपुरास पोंचली. दुसऱ्या दिशेनें रूळ बालाघाट चढून गेले व १९११ सालीं लातुरास येऊन थांबले. १९२७ सालीं पंढरपूरची शाखा मिरजेपर्यंत वाढली. येणेंप्रमाणें मिरजेपासून लातुरापर्यंत सुमारें २०२ मैलांचा एक अरुंद पण अखंड मार्ग तयार झाला. लातूर हें त्याचें एका टोकाचें स्टेशन. या गोष्टीचें महत्त्व पुढें शंभर वर्षांनीं कळून आलें. तें यथावकाश सांगूं.

आतां या स्टेशनानें काय सेवा केली तें पाहूं. तूर, हरभरा, करडई, जवस, भुईमूग व कापूस हा घाटावरचा माल येथून बाहेर पडूं लागला, आणि कापड, लोखंड, मीठ असल्या वस्तु आंत येऊं लागल्या. आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांस कुर्डुवाडीमार्गें पंढरपूर गांठणें सोपें झालें. एकेरी मार्ग असल्यामुळें समोरासमोरच्या गाड्या स्टेशनांतच एकमेकींस वाट देत. म्हणून गाडीचा वेग बेताचाच. घाईच्या माणसाची तेथें पंचाईत होई. पण ज्याला पूर्वीं बैलगाडीशिवाय दुसरें साधन नव्हतें, त्याला तीच गाडी केवढी तरी वेगवान वाटली असली पाहिजे!

या व्यवस्थेंत एक मोठी उणीव होती, तीहि सांगितली पाहिजे. अरुंद मार्गावरील वाघीण रुंद मार्गावर चालूं शकत नाहीं. त्यामुळें कुर्डुवाडीस प्रत्येक पोतें हमालांनीं एका वाघिणींतून काढून दुसरींत भरावें लागे. त्यांत वेळ जाई, पैसा जाई व कांहीं मालहि सांडे. जसजशा रस्त्यांवर मोटारलॉऱ्या वाढल्या, तसतशी ही उणीव अधिक जाणवूं लागली.

१९४८ सालीं निजामाचें राज्य संपलें. १९५४ सालीं सरकारनें बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली व ती मध्य रेल्वेंत सामील झाली. १९८२ सालीं लातूर हें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें. परंतु त्याच्या स्टेशनावर गाडी मात्र अडीच फुटांचीच येत राहिली. अखेर कुर्डुवाडी-लातूर मार्गाच्या रुंदीकरणाचें काम २००८ सालीं पुरें झालें. नवा मार्ग उस्मानाबादेवरून, म्हणजे आतांच्या धाराशिववरून नेल्यामुळें त्या शहरासहि स्टेशन मिळालें. लातूरचें जुनें स्टेशन गेलें व नवें झालें. रात्रीं लातूर सोडावें व सकाळीं मुंबईस उतरावें, ही सोय विद्यार्थी, रुग्ण व व्यापारी या सर्वांस लाभली. पंढरपूर-मिरज मार्गहि २०११ च्या सुमारास रुंद झाला.

यानंतर जो प्रसंग आला, तो या लेखाचें खरें कारण होय. सतत पाऊस उणा पडल्यामुळें २०१६ च्या आरंभीं मांजरा धरण कोरडें पडलें. २०११ च्या जनगणनेंत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक होती. एवढ्या लोकांच्या नळांस पाणी येईना. पाण्याच्या ठिकाणीं भांडणें होऊं नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढण्याची वेळ आली. तेव्हां मिरजेस कृष्णेचें पाणी भरून तें आगगाडीनें आणावें असें ठरलें. राजस्थानांत कोटा येथें तेल वाहणाऱ्या वाघिणी वाफेनें धुवून स्वच्छ करण्यांत आल्या. ता. १२ एप्रिल २०१६ रोजीं पहांटे दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्टेशनांत आली. पुढें ५० वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या. अशा शंभरांहून अधिक खेपा झाल्या.

ही गाडी आली कोणत्या वाटेनें? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर! थोडेंसें वळण सोडलें तर ही तीच बार्शी लाइट रेल्वेची वाट. पूर्वीं वाफेच्या इंजिनाची टाकी स्टेशनावर भरून घेतल्यावांचून तें परतीस निघूं शकत नसे. म्हणजे स्टेशन गाडीला पाणी पाजीत असे. शंभर वर्षांनीं गाडीनें येऊन स्टेशनाच्या गांवास पाणी पाजलें. १९११ सालीं ज्यांनीं येथें रूळ आणले, त्यांनीं धान्य व कापूस नेण्याचा विचार केला होता. पाणी आणण्याचा विचार त्यांच्या स्वप्नींहि नसेल. परंतु वाट होती, आणि नफातोटा पाहून ती मोडून न टाकतां रुंद करण्यांत आली होती, म्हणूनच संकटकाळीं तिचा उपयोग झाला. संकट आल्यावर रूळ टाकावयास कोण जाणार?

येथें एक लहानसा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. ५० वाघिणींची एक गाडी म्हणजे सुमारें २५ लाख लिटर पाणी. ऐकावयास हा आंकडा केवढा मोठा! पण पावणेचार लाख माणसांत तें सारखें वांटलें, तर माणशीं साडेसहा लिटर येतें; म्हणजे अर्धी बादली. त्यांतच पिणें, स्वयंपाक, धुणें, भांडीं. यावरून आगगाडीची थोरवी कळते व तिची मर्यादाहि कळते. आगगाडी पाणी वाहून आणते, तें निर्माण करीत नाहीं. पावसाचें पाणी अडवून जिरविणें व मिळालेलें जपून वापरणें हें काम गांवानेंच केलें पाहिजे.

वाचकहो, आपल्या गांवाजवळहि असें एखादें लहान स्टेशन असेल. दिवसांतून दोनच गाड्या थांबतात म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतों. सुटींत एकदां तेथें जावें, गांवांतील वृद्ध माणसांस त्याची हकीकत विचारावी व ती लिहून ठेवावी. तेथून काय गेलें व तेथें काय आलें, याचा जमाखर्च मांडला म्हणजे आपल्याच गांवाचा इतिहास हातीं लागेल.