बाळ बारीक आहे, पण दिवस किती भरलेत?

“पोर बारीक आसा, अजून महिनोभर पोटात रवाक व्हया!” सोनोग्राफीचा कागद घरी आला की वैभववाडीकडची एखादी आजी असं हमखास म्हणणार. माया खरी, पण हिशेब चुकतो. बाळाचं वजन वेगळं आणि त्याच्या फुफ्फुसांची तयारी वेगळी.

जन्मल्यावर फुफ्फुसं फुगावी लागतात आणि श्वास सोडताना ती मिटून चिकटता कामा नयेत. त्यासाठी आतून साबणाच्या पाण्यासारखा एक पातळ थर लागतो. तो शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पुरेसा होतो. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंवर, तरी ३९ तासांत गेला. तेव्हा अध्यक्षांच्या घरीही उपाय नव्हता.

१९७२ साली तपासणीची एक युक्ती निघाली, अगदी स्वयंपाकघरात शोभेल अशी! गर्भजलात अल्कोहोल घालून नळी खळखळून हलवायची. पाव तासानंतरही फेसाचं कडं टिकलं, तर फुफ्फुसं तयार. पण त्यासाठी आईच्या पोटात सुई घालावी लागे. आता ही तपासणी क्वचितच होते.

आता भर आहे तो दिवस नीट मोजण्यावर आणि आईला द्यायच्या इंजेक्शनांवर. बाळ लवकर येणार असं दिसलं, तर डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. त्यांनी बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. आपल्या बेळगावसह भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरियातल्या २८५२ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शन न मिळालेल्यांची शंभरातली सुमारे २४ बाळं दगावली, मिळालेल्यांची २०. चार जीव म्हणजे थोडे का?

मात्र बारीक बाळ दिवस भरलेलंही असू शकतं. वारेतून पोषण कमी पडत असेल, तर त्याला आणखी पोटात ठेवणंच धोक्याचं. उलट, मधुमेही आईचं बाळसेदार पोर आठव्या महिन्यात आलं, तर धाप लागून काचेच्या पेटीत जायचं. (मुहूर्त पाहून आधीच सिझेरियन करून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं!)

म्हणून पाळीची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. दिवसांचा अंदाज तीच सर्वांत नेमका देते. बाळंतपणाला माहेरी जाताना ते कागद पिशवीत असू द्यात. आणि सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या, तर “खोट्या असतील” म्हणत रात्र काढू नका. इंजेक्शनाचा पुरता गुण यायला दिवसभर तरी लागतो, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की करूळ घाट बंद!